सोप्पा कॅच

मोठ्या स्पर्धेत पैसे खाऊन मुद्दाम वाईट खेळला म्हणून रायनवर बंदी आली होती. ती उठल्यावर त्याला निदान गावच्या टीममध्ये तरी घ्यावं का, यावर चर्चमागच्या मैदानात आमची कितीतरी भांडणं झाली. शेवटी घेतला.

आणि पहिल्याच मॅचला, विरारवाल्यांना जिंकायला दोन रन हवे असताना, त्याच्या हातातून सोप्पा कॅच सुटला. बॉल सीमेपार. मॅच गेली.

एरवी असा कॅच सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा आम्ही उद्धार करतो. त्या दिवशी मात्र सगळे गप्प. नुसते एकमेकांकडे बघत होते. मनातलं विचारायला कुणी धजत नव्हतं.

बॉलर क्लेमेंट अंकल तेवढे टोपी आपटत रायनच्या अंगावर धावून गेले. "अरे गाढवा, हात आहेत की केळीची पानं? तुझ्या लूर्डस आंटीने बोंबील तळता तळता धरला असता हा कॅच!"

रायन चक्क हसला.

"वर हसतोस, निर्लज्जा?"

डोळे पुसत रायन म्हणाला, "अंकल, अजून एक शिवी द्या ना."