तीच पूड

पल्लवीने काचेच्या बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावलं. काळी पूड सरसर त्या बाजूला जमली. तिने पाणी ओतून टाकलं, पूड धुतली, वाळवली आणि सरांसमोर काट्यावर ठेवली.

पूड कमी भरली.

"कालपर्यंत बरोबर होती, सर," ती रडवेली झाली. "कुणीतरी काढलीय."

भोईर सरांचा चेहरा उतरला. सांडपाण्यातला रंग घालवणारी ही पूड पुन्हा पुन्हा वापरा, घटत नाही, असं त्यांनी मुरबाडच्या कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. पल्लवीची फेलोशिप त्या परीक्षकांच्याच हातात होती.

काल संध्याकाळी लॅबमध्ये ऋतिक एकटाच मागे राहिला होता. काट्याशेजारी काळा पडदा लावून तो एलईडी दिव्यांचा उजेड मोजत बसायचा. आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळायचंसुद्धा नाही. तो आणि पल्लवी शहापूरहून एकाच एसटीने यायचे. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी त्याने कितीदा खाल्ली होती.

सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तू काढलीस?"

"काढली, सर."

"का?"

ऋतिकने एकदा पल्लवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पल्लवीला शिसारी आली. हेच हात आपल्या डब्यात होते. आता तो डबाही नको, असं तिला झालं.

"याचं तोंड बघायचं नाय मला," ती म्हणाली.

सरांनी त्याचा प्रोजेक्ट बंद केला, लॅबची चावी काढून घेतली. दिवे पिशवीत भरून तो निघाला, तेव्हा पोरं अंग चोरून बाजूला सरली. कुणीतरी "चोर" म्हणालं. तो थांबला नाही.

संध्याकाळी स्टँडवर तो जवळ आला. घाण अंगावर उडावी तशी ती मागे सरली.

"लाज नाय वाटत रे? उद्या मी काय दाखवू त्यांना?"

"जे खरं हाय, ते दाखव."

"खरं? तू शिकवणार मला खरं?"

शहापूरची गाडी लागली. ऋतिकने पायरीवर पाय ठेवला, मग वळून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"दर वेळी गुपचूप जेवढी नवी पूड तू वरून मिसळलीस ना, तेवढीच काढली गो मी."