वाऱ्याची बारी

इच्छापुरात कडूभाऊच्या हॉटेलासमोर दिगंबर मास्तरांनी सायकल टेकवली तेव्हा उजाडत होतं. थंडीनं बोटं सरळ होत नव्हती. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि नुसताच धरून ठेवला.

"आज बी एकलेच?" कडूभाऊनं विचारलं.

"लीलाधर सायकल शर्यतीच्या दिवशी येणार आहे."

"नागपूरहून?" कडूभाऊनं चुलीत लाकूड सरकवलं. "राज्यं नव्यानं वाटली, त्यांचं सरकारी दफ्तर तिकडं गेलं, त्याच्या मागं तेबी गेले. आता ते मुंबई राज्यवाले, आपण भोपाळवाले. सव्वीस जानेवारीला तिथली परेड सोडून इकडं कशाले येतील?"

"येतो म्हणालाय."

"भुसावळची टोली काल येऊन गेली. पाच जण. एक पुढं हवा कापतो, बाकीचे त्याच्या आडोशाला. बारी-बारीनं. गेल्या साली तुम्ही दोघांनी त्यांना हरवलं ना, तुमचंच पाहून शिकले." कडूभाऊनं चुलीवरचं भांडं उतरवलं. "विचारत होते, मास्तर आमच्यात येतात का म्हणून. एकल्यानं ही हवा नाही कटत, मास्तर."

"माझी जोडी आहे, कडूभाऊ."

मास्तरांनी पेला संपवला आणि सायकल काढली.

बुऱ्हाणपूरकडे वळताच वारा समोरून आला. या रस्त्याची त्या दोघांची वाटणी ठरलेली होती. पुलापर्यंत लीलाधर पुढे, पुलानंतर मास्तर. बोलण्यात दम घालवायचा नाही. मागच्यानं घंटी वाजवली की तो मागे आहे असं समजायचं. पुढच्यानं डावा हात मागे नेऊन तळवा खाली दाबायचा: राहा तिथेच, वाऱ्याच्या आड.

मास्तरांनी मफलर कानांवर ओढला, मान खाली घातली. सायकल पुढे सरकत होती, पण शर्यतीच्या चालीनं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मागून सरकी काढायच्या जिनाकडे निघालेली कपाशीची लॉरी आली. दोन्ही अंगांनी फुगलेली, जड, सावकाश. ती पुढे गेली आणि मास्तरांनी सायकल तिच्या मागे घातली. वारा एकदम थांबला. कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू आला. पाय हलके झाले. कापसाचे पुंजके मफलरवर येऊन चिकटत होते. असंच थेट गावापर्यंत जाता आलं असतं.

पूल आला. पुलापुढे चढ होता. लॉरी रांगू लागली.

मास्तर उजवीकडून बाहेर पडले. पॅडलवर उभे राहिले, लॉरीच्या कडेकडेनं वर चढले आणि तिच्या पुढे आले. वारा तोंडावर आदळला.

मागून हॉर्न वाजला.

मास्तरांचा डावा हात मागे गेला. तळवा खाली दाबला गेला.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "मास्टरजी, मरना है क्या? साइड दो!"

चढ संपला. लॉरीनं वेग घेतला, मास्तरांच्या अंगावर धूळ उडवली आणि वळणाआड गेली. पुढे रस्ता मोकळा होता, मागेही.

मास्तरांचा हात अजून मागेच होता.