काचेमागचा बाप

"हात मांडीवर ठेवा, काका. दिसतील असे," पंचबाई म्हणाल्या. "आणि आता नुसतं डोकं खाजवलंत तरी तुमच्या मुलीचा डाव गेला. नवा नियम आहे."

बापाने मुकाट्याने हात मांडीवर ठेवले. काचेपलीकडे, अगदी समोरच्या पटावर त्याची लेक बुद्धिबळ खेळत होती. हा डाव जिंकली तर संघात. बरोबरी चालणार नव्हती.

खरं तर ही काच आली ती याच्याच कृपेने. लेक लहान असताना फार घाईने खेळायची, प्यादं उचलून ठेवून मोकळी. तिला आवर घालायला याने खुणा सुरू केल्या, आणि मग त्याला चटकच लागली. पूर्वी आईबाप पटाशेजारी उभे राहायचे. हा कानात कुजबुजायला लागला, तेव्हा बोलणं बंद झालं. मग हा खोकायला लागला. एकदा खोकला की घोडा, दोनदा खोकला की उंट. एका स्पर्धेत तर इतका खोकला की कुणीतरी डॉक्टरला बोलावलं. मग पालकांची रवानगी मागच्या रांगेत झाली. तिथून चष्मा, रुमाल, शर्टाची बाही, सगळं कामाला लागलं. बाकीचे आईबापही काही दुधखुळे नव्हते. एका आईचं विणकाम पंचांना किती तरी दिवस कळलंच नाही. शेवटी ही काच आली, आणि यंदा काचेशी पंचबाई.

समोरच्या मुलीने वजीर बाजूला घेतला आणि बापाला चाल दिसली. लेकीचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत गेला की मात. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लेकीलाही ते दिसलं. तिचा हात हत्तीपर्यंत गेला, आणि वरच्या वर थांबला.

तिने मान वर केली. काचेकडे, त्याच्याकडे पाहिलं.

खेळाडूने कुठे पाहावं यावर अजून नियम नव्हता. पण पंचबाईंची नजर बापाच्या तोंडावर खिळली. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बघतेस काय, उचल तो हत्ती! नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण तेवढ्यानेही सगळं संपलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नियमाने वागायचं होतं. त्याने पापणीसुद्धा लवू दिली नाही. श्वास रोखून धरला. घशात खरोखरीचा खोकला आला, तोही गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते तसंच राहू दिलं.

लेक बघतच राहिली. तिच्या घड्याळातला वेळ सरत होता. वेळ संपला की डाव हातचा गेला, हे तिलाही माहीत होतं. खेळ बाई, खेळ, तो मनातल्या मनात विनवत होता. इतका हतबल तो कधीच झाला नव्हता. त्याच्या पोटच्या पोरीसाठी त्याला एवढंच करता येत होतं, दगड होऊन बसणं. आणि ते तो जीव तोडून करत होता.

घड्याळ वाजलं. समोरच्या मुलीने गोंधळून पटाकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

लेक बाहेर आली तेव्हा पंचबाई स्वतःहून बापाला म्हणाल्या, "काका, तुमची काही चूक नाही हं. तुम्ही जरासुद्धा हलला नाहीत."

बाप लेकीकडे वळला. "हत्ती दिसला नाही का गं तुला?"

"दिसला की," लेक म्हणाली. ती रडत नव्हती, तिला नुसतं नवल वाटत होतं. "पण बाबा, तुमची सगळ्यात पहिली खूण कोणती होती? मी हललो नाही, तर तू थांबायचं."