सहावी ‘ब’तल्या बारागाड्या

मुख्याध्यापिका कोकिळा मॅडमचं बोट घंटीवरच होतं. जळगावातल्या त्या इंग्रजी शाळेत शिक्षक निवडायची त्यांची रीतच तशी होती. उमेदवारानं सहावीच्या वर्गावर तास घ्यायचा, तोंडातून एक जरी मराठी शब्द निसटला की घंटी, आणि घंटी वाजली की नमस्कार. सकाळपासून दोघांची वाजली होती. एकजण मुलांना ‘बसा’ म्हणाला होता. दुसरीचा खडू मोडला आणि ती ‘अगं बाई’ म्हणाली.

तिसरी सारिका. एरंडोलकडच्या खेड्यातली, तासिका तत्त्वावर शिकवून शिकवून मेटाकुटीला आलेली. ‘तुमच्या इंग्रजीला खेड्याचा हेल आहे’ असं सांगून तीन शाळांनी तिला आधीच वाटेला लावलं होतं. ही चौथी, आणि शेवटची. इथं जमलं नाही तर शिकवणं सोडायचं आणि भावाच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. मुलाखतीत तिनं हे सरळ सांगून टाकलं, रडगाणं न गाता. तेवढं मॅडमना आवडलं होतं. पण नियम तो नियम.

संस्थेचे सुरेशचंद शेठ मॅडमच्या शेजारी बसले होते. विषय त्यांनीच दिला होता: ‘पुल’, म्हणजे ओढणं, हे इंग्रजी क्रियापद, त्याचे अर्थ आणि त्याचे सगळे भाऊबंद. विषय कसला, वाळकं लाकूड. मॅडमनी स्वतः तो वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रकाने आखून शिकवला होता, आणि वर्षानुवर्षं पोरांनी जांभया दिल्या होत्या.

सारिकानं फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पहिल्या बाकावरच्या विधीची बाही दोनदा हलकेच हिसकली. हा टग. मग खिडकीचा पडदा अलगद सरकवला. हा ड्रॉ, विहिरीतून पाणी शेंदतात तोही ड्रॉ, आणि दमल्यावर छातीत श्वास भरून घेतात तोही. भूषणचं दप्तर तिनं पट्ट्याला धरून फरशीवरून फरफटत नेलं. दप्तराची यायची बिलकूल इच्छा नव्हती, म्हणून हा ड्रॅग. माणूस मोठ्या दुखण्यातून निभावतो, ते पुल थ्रू. ठरलेल्या सोयरिकीतून पाहुणे अंग काढून घेतात, ते पुल आउट. आणि मित्राची फिरकी घेता, तेव्हा हात न लावता त्याचा पाय ओढलेला असतो.

हे सगळं इंग्रजीत, पण असं की शेवटच्या बाकालाही मधल्या सुट्टीची आठवण राहिली नाही. हेल होता, नाही असं नाही. पण त्या हेलावर शब्द झोक्यावर बसल्यासारखे मजेत येत होते. मॅडमना मनापासून कौतुक वाटलं. पोरगी शंभर नंबरी होती.

आता उरला होता हॉल, म्हणजे जड ओझं जीव खाऊन ओढणं. सारिकानं पाच बाक एकामागं एक लावले आणि मुलांच्या गळ्यातल्या टायांनी एकमेकांना बांधले. शाळेचे टाय पहिल्यांदाच कशाच्या तरी कामी आले. बाकांवर पोरं बसवली, पहिल्या बाकाला ओढणी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळत ती सांगू लागली: माझ्या गावच्या जत्रेत एक माणूस बारा बैलगाड्या ओढतो. बैल नसतात, आणि गाड्यांवर माणसं खच्चून भरलेली असतात. त्या माणसाला काय म्हणतात, ते तिनं शिताफीनं गाळलं.

‘भगत,’ मॅडम मनात म्हणाल्या आणि खुर्चीत अंग चोरून बसल्या. त्यांचं माहेरही तिकडचंच. पण जळगावात कुणी विचारलं की त्या नुसतं ‘नाशिककडे’ म्हणत. आई गेल्यापासून अहिराणीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

सारिकानं दम धरून ओढलं. बाक हलले नाहीत. पुन्हा ओढलं. पहिला बाक नुसता कुरकुरला. तिचं तोंड लालबुंद झालं. माझ्याबरोबर कोण येतं, असं तिनं इंग्रजीत विचारलं. पोरं जागची हलली नाहीत. सगळ्यांचे डोळे मॅडमकडे लागले होते. परवानगीवाचून उठायचं नाही, हे मॅडमनीच त्यांच्या अंगी बाणवलं होतं.

सुरेशचंद शेठ घड्याळ पाहून कुजबुजले, “टाइम ओव्हर, मॅडम. रिजेक्ट?”

सारिकाला ते ऐकू गेलं. तिनं ओढणी सोडली नाही. मराठीत एक हाक मारली असती तर सगळा वर्ग धावून आला असता, हे तिलाही कळत होतं. ओठ घट्ट मिटून, पाय रोवून ती एकटीच ओढत राहिली.

मॅडमचे डोळे भरून आले. भगत कधीच एकटा ओढत नाही. त्याच्या दोन्ही काखांत हात घालून दोन माणसं संगती धावतात, त्यांना बगले म्हणतात. मॅडमचे वडील हयातभर बगले होते.

खुर्ची मागं सरकली. कडक इस्त्रीच्या साडीचा पदर खोचत मुख्याध्यापिका अख्खा वर्ग ओलांडून गेल्या आणि त्यांनी त्या पोरीच्या काखेत हात घातला. त्या तासातले इंग्रजीबाहेरचे पहिले शब्द त्यांच्याच तोंडून निघाले, शेजारच्या वर्गाला ऐकू जातील असे:

“बगल्या नही, कोनी नही, आनि एकलीच वढाले निंघनी का वं पोरी? चाल, मी शे!”