पिवळी तबकडी

“काचेवर चरे आहेत, मावशी. तबकडी पिवळी पडलीय. कडाही काळवंडल्यात,” घड्याळवेडा म्हणाला आणि त्याने घड्याळ टेबलावर टाकल्यासारखं केलं. टाकलं मात्र नाही. शेवटच्या बोटभर अंतरात हात आपोआप हळू झाला.

जुनं जपानी घड्याळ. सोन्याचं, नाण्यासारखं पातळ, रोज किल्ली द्यायचं. एके काळी बडे साहेब सुटाच्या बाहीखाली मिरवायचे त्यातलं. घड्याळवेड्याच्या मखमली पेटीत या मालिकेतली बाकीची सगळी होती. एक खाच तेवढी रिकामी होती आणि तिच्यापायी त्याला अन्न गोड लागत नव्हतं. पण या मंडळींची एक रीत असते. जी वस्तू हवी तिला आधी मनसोक्त नावं ठेवायची. कौतुक घरी नेऊन करायचं. आणि घाई तर मुळीच दाखवायची नाही. तेव्हा, काकांची आठवण आहे, विकायचं का याचा सावकाश विचार करा, असं सांगून तो चहा पिऊन उठला. मावशी नुसत्या ‘हं’ म्हणाल्या.

चार-पाच दिवसांत त्याचाच फोन आला, सहज येऊन जातो म्हणून. आला तेव्हा टेबल रिकामं होतं. तुमचं ऐकून मला लाजच वाटली, मावशी म्हणाल्या. घड्याळजीकडे दिलंय. घासून लख्ख करायला सांगितलंय, तबकडीही नव्याने रंगवून घेतेय.

घड्याळवेडा ओरडलाच.

“मावशी, काय करून बसलात हे!”

मग त्याला आवरेना. त्या कडा कारागिराने हाताने काढलेल्या, एकदा घासल्या की गेल्या. तो पिवळेपणा म्हणजेच तर अस्सलपणाची खूण. असं हात न लागलेलं घड्याळ आता शोधून सापडत नाही. यासाठी माणूस घर गहाण टाकेल, घर!

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा, अजून काही, असंही विचारलं. मग शालीतून डावा हात बाहेर काढला. मनगटावर घड्याळ होतं. चऱ्यांसकट.

“इतक्या टाकाऊ वस्तूसाठी तुम्ही परत येताय म्हटल्यावर मी जरा थांबले,” त्या म्हणाल्या. “बरं, ते गहाण टाकायचं घर कुठंशी आहे तुमचं?”