पटेपर्यंत

“अजून काही पटलेलं नाही मला,” मावशी म्हणाल्या आणि किटलीत उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.

हे साफ खोटं होतं. त्यांना पटून महिना उलटला होता.

समोर बसलेला कार्यकर्ता पन्नाशीचा, केस पिकलेले, गुडघे दुखरे. पहिल्यांदा आला तेव्हा दारात पत्रक देऊन जाणारच होता. शहराचं पाणी खासगी कंपनीकडे सोपवावं, हे त्याच्या पक्षाचं म्हणणं. मावशींची सगळी नोकरी पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेलेली. पाणी सगळ्यांचं, ते विकायचं नाही, हे ऐन विशीतलं मत अजून तसूभरही हललं नव्हतं. त्यांनी त्याला दारातच धारेवर धरलं. तो उत्तर द्यायला आत आला आणि मग रोज संध्याकाळी येऊ लागला.

एकदा तो सहज म्हणाला, “तुमच्या गल्लीतला पाइप कित्येक वर्षं गळतोय. जाब कुणाला विचारलात?”

मावशींनी उडवून लावलं. पण प्रयोगशाळेत त्यांनी हजारदा पाहिलं होतं : थेंबाथेंबाने द्रावण मिसळत राहावं, काहीच होत नाही, आणि एका थेंबासरशी सगळं गुलाबी होतं. हा तो थेंब होता.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसली. “वय झालं की सगळेच तिकडे झुकतात गं आई.”

“वयाने नाही, गळतीने,” मावशी म्हणाल्या. तोवर लेकीला दुसरा फोन आला होता.

कार्यकर्त्याला मात्र सांगायची सोय नव्हती. पटलं म्हटलं की त्याचं काम संपलं. तो पुढचं दार वाजवणार. मग या घरात फ्रीज तेवढा अधूनमधून गुरगुरणार. म्हणून त्या जुनेच मुद्दे घासूनपुसून मांडत राहिल्या. अलीकडे त्याच्याही बोलण्यातली धार गेली होती. बिल्ला लावायचाही विसरायचा. दमला असेल बिचारा, असं त्यांना वाटे.

आज मात्र शेवटची संध्याकाळ. उद्या मतदान. कप रिकामा झाला. तो गुडघ्यांवर हात टेकत उठला.

“येतो, मावशी.”

जायचा तो जाणारच. निदान रिकाम्या हाताने तरी जाऊ नये.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “जिंकलात तुम्ही. माझं मत तुमच्या पक्षाला. पटून महिना झाला मला.”

तो पुन्हा खुर्चीत बसला. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर आला असतात?”

त्याने रिकामा कप जवळ ओढला.

“मी पक्ष सोडून तीन आठवडे झाले,” तो शेवटी म्हणाला. “ज्याला बिल परवडत नाही त्याने काय प्यायचं, असं विचारलं होतंत तुम्ही. मला उत्तर सापडलं नाही. वरच्यांना विचारलं, त्यांच्याकडेही नव्हतं.”

“अहो, मग रोज माझ्याशी भांडत काय होतात?”

“तुम्हाला पटायचं होतं ना अजून,” तो कपाकडे बघत म्हणाला. “दुसरं काय निमित्त सांगून आलो असतो?”

तो उठला. दाराशी जाऊन, भिंतीला धरून, सावकाश बूट चढवू लागला.

“आता तर मला यावंच लागणार,” तो पाठमोराच म्हणाला. “तुम्हाला मूळच्या मतावर आणायचंय.”