तेरा टन पाला

"हे बघा, तेरा टन," पाड्यावरचा चंदर म्हणाला आणि शाळेच्या पटांगणाकडे हात केला.

पटांगणात भारे रचलेले. ऐनाचा पाला, गवत, काटक्या, बाजूला वाळलेलं शेण. ढीग शाळेच्या पत्र्याला लागलेला. योगिनी जीपमधून उतरली ती टॅब छातीशी धरून उभीच राहिली. गंगापूर रोडच्या ऑफिसातून तिला एवढंच सांगितलं होतं, की पाड्यावर जा, कोणी राब जाळला नाही ना ते बघ, फोटो काढ, आकडा भर. ढिगाचं कोणी बोललं नव्हतं.

पेठच्या पुढचा सव्वीस घरांचा पाडा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळायचं, मग बी टाकायचं. हाच राब. आजवर एक उन्हाळा चुकला नव्हता. यंदा जाळला नाही, कारण योगिनीच्या कंपनीचे लोक येऊन सांगून गेले होते. राब जाळू नका. वाचतील ते टन आम्ही घेऊ. दहा टन झाले, की पाड्यावर पाण्याची टाकी.

घेऊ म्हणजे काय, ते पाड्याला माहीत होतं. मोह घेतात, हिरडा घेतात. व्यापारी येतो, काटा लावतो, गाडीत भरतो. म्हणून चंदरने पेठहून हिरड्याचा काटा आणला आणि एकेक भारा टांगून मोजला. भागीबाईचे एकटीचे एकोणतीस भारे. वय पासष्ट. झिऱ्याचं पाणी आणायला खाली जायचं, वर यायचं, मग पाल्याला जायचं, असा तिचा उन्हाळा गेला.

"गाडी लहान आणली मॅडम," कोणीतरी मागून म्हणालं. "चार दिवस लागतील न्यायला."

सगळे हसले. योगिनी पण हसली, मग तिच्या लक्षात आलं की पाला गाडीतून न्यायचा, असंच हे धरून चाललेत.

तिने समजावून सांगायला घेतलं. टन पाल्याचे नसतात. पाला जाळला असता तर जो गॅस निघाला असता, त्याचे टन. तो निघाला नाही म्हणून तो मोजायचा. चंदरने मान हलवली. ठीक आहे म्हणाला, पाला तेरा टन, तर धूर पण तेराच्या आसपास असंल. दहाच्या वर तर हाय.

योगिनीने टॅबमध्ये आकडा टाकला. आला तो दोनदा बघितला. मग शाळेच्या पायरीवर बसली आणि बोलली. पाल्याच्या धुरातला कार्बन धरत नाहीत. तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, झाड तो परत घेतं. धरतात फक्त मिथेन आणि आणखी एक गॅस, आणि त्या दोन्हींचं वजन कार्बनच्या हिशोबात बदलून घेतात.

"किती आलं?" चंदरने विचारलं.

"सव्वा टन."

बी टाकून आठवडा झाला होता. आता राब जाळायचा म्हटलं तरी जाळता येत नव्हता. आणि न भाजलेल्या कोऱ्या जमिनीत रोपापेक्षा तण जास्त येणार, हे तिथल्या पोरांनाही माहीत होतं.

भागीबाई पुढे आली. टॅबकडे बघितलं नाही, योगिनीकडे बघितलं.

"बाई, हा तुमचा एक टन केवढा असतो गं?"

योगिनीला ट्रेनिंगमधलं आठवलं. दुसरं काही सुचलं असतं तर तिने ते सांगितलं असतं.

"एक माणूस मुंबईहून विमानाने लंडनला जाऊन आला, की साधारण एक टन."

"एक माणूस? एकडाव?"

"हो आजी."

भागीबाईने बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं.

"मंग त्या मानसाला म्हना, नऊ खेपा नको जाऊ. आमची टाकी हुईल."

योगिनीने खाली बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. साहेबांना सांगते म्हणायचं आणि गाडीत बसायचं.

"आजी, त्याला जाता यावं, त्याचा धूर फिटला म्हणता यावं, म्हणूनच तर तुमचे टन घेतात."

भागीबाई ढिगाजवळ गेली, आपला एक भारा ओळखला, खाली ओढला आणि गाठ सोडून दोर काढून घेतला. पाला पटांगणात सांडला. दोर तिने खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या भाऱ्याला हात घातला. तेवढ्यात बाकीच्या बायाही ढिगाकडे आल्या, आपापले दोर शोधायला.